श्रावणाचा तिसरा दिवस

गटारीच्या रात्री अपघात विभागात गर्दी उसळते, हे सगळ्यांना माहीत आहे. आम्हा सिस्टर लोकांना धाकधूक असते ती त्यानंतरच्या तीन-चार दिवसांची.

मी एका तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात पुरुष वॉर्डला आहे. त्या वर्षी श्रावणाच्या तिसऱ्या रात्री साडेअकराला एका शिंपीदादांना आणलं. वय 42. सोबत बायको, म्हातारे वडील आणि शेजारची दोन पोरं. आदल्या संध्याकाळी फिट आली होती. कांदा हुंगवला, चप्पल नाकाला लावली, शुद्धीवर आले म्हणून घरीच ठेवलं. दुपारपासून मात्र बडबड सुरू झाली. अंगावर मुंग्या चढतायत म्हणून सारखे झटकत होते. कपाळाला लावलेला अंगारा घामानं पार नाकापर्यंत ओघळला होता.

नाडी 130, बीपी 180/110, अंगात ताप. आणि केसपेपरवर लिहिलेलं, 'व्यसन : नाही'.

पलंगावर घेतलं आणि मी त्यांच्या हातांकडे बघतच राहिले. डाव्या हाताच्या चिमटीत चादरीची किनार, उजवा हात एकसारखा वर-खाली. मध्येच किनार तोंडाशी न्यायची, दातानं दोरा तोडल्यासारखं करायचं, की पुन्हा सुरू. पाय पलंगाच्या दांडीवर टाच-चवडा, टाच-चवडा, पायमशीन चालवावं तसे. बायको हळूच म्हणाली, "काजं करतायत. सणाचे ब्लाऊज राहिलेत ना."

मी तिला व्हरांड्यात नेलं. सासऱ्यांसमोर ती बोलणार नव्हती.

"ताई, रोज किती घेतात?"

बराच वेळ ती पदराशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "दोन क्वार्टर. सकाळची घेतल्याशिवाय सुईत दोराच जात नाही."

"शेवटची कधी घेतली?"

"अमावस्येला. पोराच्या डोक्यावर हात ठेवून मीच शपथ घ्यायला लावली, सिस्टर. तीन दिवस थेंब नाही. चांगलं करायला गेले आणि हे काय बाहेरचं लागलं?"

बाहेरचं काही नव्हतं. दारू मेंदूला रोज दाबून ठेवते, मग मेंदूही जागं राहायला उलटा जोर लावायला शिकतो. दारू एकाएकी काढली की दाब जातो, जोर मात्र तसाच राहतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांत भान सुटू शकतं, आणि त्यात माणूस दगावूही शकतो. तिची शपथ चुकीची नव्हती. रोज सकाळी हात थरथरणाऱ्या माणसाची दारू डॉक्टरांना न विचारता, घरच्या घरी एकदम बंद केली, एवढंच चुकलं होतं. ते तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

मी धावत जाऊन डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी शिरेतून लोराझेपाम दिलं आणि बजावलं, "ग्लुकोजच्या आधी थायमिन." रोज पिणाऱ्याच्या अंगात हे बी-1 जीवनसत्त्व संपत आलेलं असतं. तशात नुसतं ग्लुकोज चढवलं तर उरलंसुरलंही खर्ची पडतं आणि मेंदूला कायमची इजा होऊ शकते. त्या 'नाही'वर विश्वास ठेवून एव्हाना ग्लुकोजचं सलाईन लागलं असतं, या विचारानं माझ्या पोटात गोळा आला. लाजेपोटी लोक हे लपवतात. आणि आम्हीही घाईत, सगळ्या नातेवाइकांच्या देखत, "दारू पितात का हो?" असं मोठ्यानं विचारतो. मग खरं कोण सांगणार?

अंधारात भास वाढतात, म्हणून रात्रभर दिवा चालू ठेवला. थोड्या थोड्या वेळानं इंजेक्शन. बायको उशाशी बसून त्यांना सारखी नावानं हाक मारत होती. पहाटे चारला हात थांबले.

पाचव्या दिवशी ते उठून बसले. मला म्हणाले, "रात्रभर शिवत होतो, सिस्टर. कापड काही संपेना."

सुट्टीच्या कागदासोबत मानसोपचाराच्या ओपीडीची चिठ्ठी दिली. दोनदा गेले, मग बंद झाले. गणपतीनंतर पुन्हा प्यायला लागल्याचं कानावर आलं. वाईट वाटलं, पण नवल नाही वाटलं.

दिवाळीच्या आधी एका सकाळी ड्यूटीवर पोचते तर ते वॉर्डाच्या दारात उभे. बायको पिशवी घेऊन मागे. दोन्ही हात माझ्यापुढे पसरले, बोटं थरथरत होती.

"काल रात्री नऊपासून घेतली नाही, सिस्टर. या वेळी आधीच आलोय. भरती करा."