फक्की टाकण्याआधी ओळंबा तपासा

डोंगरउतारावर एकाच पातळीत आडवा खोदलेला सलग समतल चर फुटला की खोदणाऱ्याला बोल लागतो. खरी चूक बहुतेक वेळा त्याच्या कितीतरी आधी, आखणीच्या वेळी, म्हणजे फक्कीने (पांढऱ्या भुकटीने) चराची रेघ मारताना झालेली असते. चराचं काम पाणी अडवून जागेवरच मुरवायचं. त्यासाठी चराचं एक टोक दुसऱ्या टोकाच्या पातळीत हवं. ते नसेल तर त्याला चर म्हणू नये, तो पाट झाला, आणि डोंगरउतारावरचा पाट माती वाहून नेतो.

आखणीचं सर्वांत साधं साधन म्हणजे ए-फ्रेम. साधारण दोन-सव्वादोन मीटर लांबीचे दोन सरळ बांबू वरच्या टोकाला घट्ट बांधायचे, मधोमध आडवी काठी ठोकायची आणि शेंड्यातून ओळंबा सोडायचा. ओळंब्याला दगड बांधला तरी चालतो, फक्त तो जड हवा, नाहीतर वाऱ्यावर दोरी ठरतच नाही. खालच्या दोन टोकांमधलं अंतर बरोबर दोन मीटर ठेवलं तर लांबीचा हिशोब चालता चालता होतो.

आता आडव्या काठीवरची मधली खूण. ओळंब्याची दोरी तिच्यावर आली की दोन्ही पाय एका पातळीत. इथे लोक टेपने काठीचा मध्य काढतात आणि तिथेच फसतात. दोन्ही बांबू शंभर टक्के सारखे कधीच नसतात. बरोबर रीत अशी: दोन्ही पाय जमिनीवर टेकवा, पायांच्या जागी खुंट्या ठोका, दोरी काठीवर जिथे येईल तिथे खूण करा. मग फ्रेम फिरवून पायांची अदलाबदल करा, त्याच दोन खुंट्यांवर पुन्हा टेकवा आणि दुसरी खूण करा. या दोन खुणांचा मध्य हीच खरी पातळीची खूण. जमीन तिथे उताराची असली तरी फरक पडत नाही. फ्रेम पडली, दोर सैल झाला, बांबू वाळला की ही तपासणी पुन्हा करायची. रोज सकाळी केली तर उत्तम, दोन मिनिटांचं काम आहे.

खूण एवढीशी चुकली तर काय होतं ते आकड्यात पाहा. दर दोन मीटरला १ सेंटिमीटरची चूक एकाच दिशेने साचत गेली तर ३० मीटरवर १५ सेंटिमीटर होते. चर ३० सेंटिमीटर खोल असेल तर वरच्या टोकाची निम्मी खोली वाया गेली. सगळं पाणी खालच्या टोकाला धावतं, चराच्या खालच्या बाजूला टाकलेल्या मातीचा भराव ओलांडतं, भराव फुटतो आणि तो लोंढा खालच्या चरावर जाऊन त्यालाही फोडतो.

यावर एक उपाय फ्रेम चालवण्याच्या पद्धतीतच आहे. फ्रेम उचलून पुढे सरकवू नका. पुढचा पाय जागेवर रोवून ठेवा आणि मागचा पाय कर्कटकासारखा फिरवून पुढे आणा. प्रत्येक पावलाला पायांची अदलाबदल होते, त्यामुळे या पावलाची चूक पुढच्या पावलात फिटते. पाय ढेकळावर किंवा सुट्या दगडावर टेकवू नका, भुसभुशीत जागी तो रुततो.

दुसरं साधन हायड्रोमार्कर. गवंडी जोत्याची पातळी काढायला जी पाण्याची नळी वापरतात, तीच इथे दोन मोजपट्ट्यांना लावलेली असते. पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेमुळे तो गावोगाव पोचला. पाणी भरताना नळीत एकही बुडबुडा राहता कामा नये, आणि मोजताना दोन्ही टोकं उघडी हवीत. चालताना मात्र दोन्ही टोकांवर अंगठा.

वाचताना होणारी मोठी चूक अशी. एका जागी दोन्ही पट्ट्यांवर पाणी १०० वर आहे. पुढचा माणूस ४ सेंटिमीटर खाली गेला की त्याच्या पट्टीवर १०२ दिसतं आणि मागच्याच्या पट्टीवर ९८. नुसती पुढची पट्टी वाचणाऱ्याला फरक दोनच सेंटिमीटर वाटतो. खरा फरक म्हणजे दोन्ही आकड्यांची वजाबाकी, ४. म्हणून दोघांनी आकडा मोठ्याने सांगायचा. ज्याच्याकडे पाणी वर चढलं तो खाली आहे, आणि आकडे सारखे येईपर्यंत पुढच्यानेच हलायचं. वाटेत थोडं पाणी सांडलं आणि दोन्हीकडे ९७ आलं तरी पातळी बरोबरच आहे.

उतारही याच साधनाने मोजता येतो. उताराच्या दिशेने १० मीटर अंतरावर उभे राहा. ८० सेंटिमीटर फरक आला तर उतार ८ टक्के. दोन चरांमध्ये १ मीटर उभं अंतर धरलं तर आडवं अंतर साडेबारा मीटर येतं, म्हणजे हेक्टरी ८०० मीटर चर. ६० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल चरात मीटरमागे १८० लिटर मावतं, हेक्टरी १ लाख ४४ हजार लिटर. एका वेळी साधारण साडेचौदा मिलिमीटर वाहतं पाणी हे चर धरतात. काम माथ्यापासून पायथ्याकडेच न्यायचं. वरच्या रेषा राहिल्या तर खालच्या चरांवर त्यांच्या वाट्यापेक्षा जास्त पाणी येतं.

उतार सगळीकडे सारखा नसतो, त्यामुळे दोन रेषा कुठे जवळ येतात, कुठे फाकतात. फार जवळ आल्या तर एक तिथेच थांबवा. फाकल्या तर मध्ये एक तुटक चर घ्या. फक्कीची रेघ नागमोडी येणारच. तीव्र वळणं थोडी गोल करावीत, पण दिसायला बरी म्हणून रेघ सरळ करणं म्हणजे पातळी मोडणं. ओघळ आली की रेघ काठापासून अलीकडेच थांबवायची आणि पलीकडे नव्याने सुरू करायची. ओघळीतून नेलेला चर पहिल्याच मोठ्या पावसात जातो. फक्की म्हणजे चराची वरची कड की मधली रेघ, हे टिकाव उचलण्याआधी सगळ्यांना सांगा. माती खालच्या बाजूला टाकायची, आणि चराची कड व भराव यांत एक फूट जागा मोकळी ठेवायची, नाहीतर तीच माती परत चरात येते.

हे सगळं मुरमाड, हलक्या डोंगरउताराबद्दल. खोल काळ्या जमिनीत समपातळीचे मातीचे बांध घालू नयेत. उन्हाळ्यात बांधाला भेगा पडतात, पावसाळ्यात वरच्या अंगाला पाणी साचून पीक पिवळं पडतं. तिथे पाणी हळूहळू बाहेर काढणारे, किंचित ढाळ दिलेले बांध आणि सांडवा हवा.

खोदून झाल्यावर चराच्या तळाचीही पातळी हायड्रोमार्करने घ्या. वरची कड बरोबर असून तळ उतरता राहिलेला अनेकदा दिसतो. पहिल्या पावसानंतर चराच्या भिंतीवरची पाण्याची खूण पाहा. काठापासून ती एका टोकाला खोल आणि दुसऱ्या टोकाला काठाशी भिडलेली असेल, तर पुढच्या पावसाआधी त्या चरात दर काही मीटरवर मातीचे आडवे अडसर घाला.