आमची वाटचाल : परतीचं भाडं

माझे वडील, अण्णा, सांगलीहून वाशी मार्केटला टेम्पो घेऊन जायचे. जाताना गाडीत हळद किंवा गूळ असायचा, त्याची त्यांना चिंता नसे. चिंता परतीच्या भाड्याची. ते मिळालं तर घरात चार पैसे, नाही तर डिझेल खिशातून. न्यू जर्सीत एडिसनला मी पेशंटना ने-आण करायचा धंदा काढला, तेव्हा तेच गणित आपल्यापुढे येईल असं वाटलं नव्हतं.

मेडिकेड ही कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीची अमेरिकी सरकारची योजना, १९६५ सालची. डॉक्टर आणि औषधांबरोबर दवाखान्यापर्यंत नेण्या-आणण्याची सोयही तिच्यात येते. वर्षानुवर्षं ही गोष्ट नियमांत होती. २०२० च्या डिसेंबरात ती थेट कायद्यात लिहिली गेली. हे ॲम्ब्युलन्सचं काम नव्हे. फिजिओथेरपी, केमो, डोळ्यांची तपासणी, आणि सगळ्यात जास्त डायलिसिस. पेशंट दोनेक दिवस आधी फोन करून राइड मागतो, मधली ब्रोकर कंपनी ती आमच्यासारख्या गाडीवाल्याला देते. आम्हाला पैसे मिळतात ते पेशंट गाडीत असताना कापलेल्या मैलांचे. रिकामी गाडी किती पळाली, याचं बिल कुणाच्या नावावर लागत नाही.

सुरुवातीला एकच व्हॅन होती, मागे रॅम्प असलेली. व्हीलचेअर चार पट्ट्यांनी जमिनीला आवळायची आणि पेशंटला वेगळा बेल्ट लावायचा, हे मी आधी बायकोला खुर्चीत बसवून शिकलो. फोन ती सांभाळायची, गाडी मी. येईल ती ट्रिप घ्यायचो. सकाळी न्यू ब्रन्स्विक, दुपारी ट्रेंटन, संध्याकाळी पर्थ ॲम्बॉय. दिवसभर राबून महिन्याअखेर हातात जवळपास काही उरत नव्हतं.

त्याच हिवाळ्यात माझ्या हातून एक चूक झाली. पर्थ ॲम्बॉयच्या एक वयस्कर बाई, त्यांना आम्ही सेन्योरा म्हणतो, डायलिसिसच्या शेवटच्या पाळीला असायच्या. संध्याकाळी साडेसातला सुटायच्या. मी ट्रेंटनची एक जादा ट्रिप घेतली आणि येताना रूट १ वर बर्फात अडकलो. पोचायला सव्वानऊ झाले. सेंटरचे निम्मे दिवे बंद होते. ड्यूटी संपलेली नर्स कोट घालून त्यांच्याशेजारी बसून होती. चार तास मशीनवर काढल्यावर माणूस पिळून निघालेला असतो, चालताना तोल जातो. अशा अवस्थेत मी त्यांना पावणेदोन तास ताटकळत ठेवलं. त्या रागावल्या नाहीत. गाडीत बसल्यावर एवढंच विचारलं, "परवा येणार ना?"

त्या रात्री अण्णांना फोन केला. ते म्हणाले, "रिकामी फेरी किती होते, ते लिहितोस का रे?" मी लिहीत नव्हतो. दोन आठवडे वहीत लिहिली, आणि निम्मे मैल रिकामे निघाले.

मग डायलिसिस सेंटरचं वेळापत्रक नीट पाहिलं. पेशंटचे दोन गट, एक सोम-बुध-शुक्र, दुसरा मंगळ-गुरु-शनि, आणि दिवसात तीन पाळ्या. पहिली पाळी सुटते तेव्हाच दुसरी आत जाते! म्हणजे दुसऱ्या पाळीची माणसं उतरवली, की त्याच दारातून पहिल्या पाळीची माणसं घरी न्यायची. लांबच्या ट्रिपा सोडल्या, दोन सेंटरांभोवतीच गाड्या ठेवल्या. पेशंट सुटायच्या वेळी गाडी दारात, हे तेव्हापासून जमलं. हॉर्न वाजवायचा नाही, दारापर्यंत जाऊन हात द्यायचा, हा नियमही तेव्हाचाच.

२०२० च्या वसंतात बाकीच्या अपॉइंटमेंट रद्द झाल्या. डायलिसिस थांबवता येत नाही. एका व्हॅनमध्ये एकच पेशंट नेत होतो, प्रत्येक फेरीनंतर सीट पुसत होतो. साठवलेलं सगळं तेव्हा गेलं. आज गाड्या सहा आहेत.

आपली मराठी माणसं आईवडिलांसाठी नेहमी विचारतात म्हणून सांगतो: मेडिकेअर म्हणजे मेडिकेड नव्हे, ती पासष्टीनंतरची सरकारी आरोग्य विमा योजना. मूळ मेडिकेअरमध्ये ही राइड मिळत नाही. खासगी विमा कंपन्यांमार्फत मिळणारे काही मेडिकेअर ॲडव्हान्टेज प्लॅन वर्षाला ठरावीक फेऱ्या देतात. कार्डामागच्या नंबरावर फोन करून किती, ते आधी विचारा. आठवड्याला तीनदा जायचं असेल तर 'स्टँडिंग ऑर्डर' करून घ्या, दर वेळी बुकिंग लागत नाही. आणि परतीची वेळ त्याच फोनवर लिहून घ्यायला लावा. ती राहिली, की लॉबीत बसणं आलं.

शेवटच्या पाळीला मात्र आमचं गणित चालत नाही. तेव्हा आत जाणारं कुणी नसतं, गाडी रिकामीच न्यावी लागते. वहीत ती फेरी रोज तोट्यात दिसते. ती व्हॅन मी स्वतः चालवतो, सव्वासातला सेंटरच्या दारात लावतो. सेन्योरांची पाळी अजून तीच आहे.