हॉलॅक्रसी आणताना कर्मचाऱ्यांचे करार कसे केले: माझा अनुभव

हॉलॅक्रसी म्हणजे साहेबांच्या उतरंडीऐवजी स्वतःचे निर्णय स्वतः घेणाऱ्या छोट्या गटांनी, म्हणजे मंडळांनी, काम चालवण्याची पद्धत. तिच्यात पदं नसतात, भूमिका असतात. एकाच माणसाकडे चाचणी, पाळीवाटप आणि सुट्या भागांची खरेदी अशा तीन भूमिका असू शकतात आणि मंडळाच्या बैठकीत त्या कधीही बदलू शकतात. कामगार कायदा मात्र मालक, कामगार, श्रेणी आणि वेतन एवढंच ओळखतो. महापे एमआयडीसीतल्या कारखान्यासाठी कागदपत्रं करताना आमचा सगळा कस इथेच लागला.

हॉलॅक्रसीचं संविधान, म्हणजे या पद्धतीची लेखी नियमावली, नेमणूकपत्राला जोडून सही घ्यायची, हा मोह पहिल्यांदा होतो. आम्ही ते टाळलं. इंग्रजी दस्तऐवज वाचू न शकणाऱ्या ऑपरेटरची संमती पुढे टिकत नाही. शिवाय त्या संविधानाची नवी आवृत्ती निघाली की करार आपोआप बदलला, असं कुणीही म्हणू शकतं. म्हणून कागद वेगळे केले. नेमणूकपत्रात वेतन, श्रेणी, कामाचे तास, रजा आणि ठिकाण. भूमिकांची नोंदवही वेगळी, ती मंडळाने हवी तेव्हा बदलावी. दोन्हींना जोडणारा पूरक करार मराठीत, आणि त्याचं मुख्य कलम असं: ‘भूमिका दिली, बदलली किंवा काढून घेतली, तरी मूळ वेतन, श्रेणी, ज्येष्ठता आणि सेवेची सलगता यांत फरक पडणार नाही.’ हे कलम नसेल तर बाकीच्या पानांवर सह्या घेऊन फारसा उपयोग नाही.

कारण औद्योगिक संबंध संहिता, 2020 चं कलम 40. ही संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू आहे. त्याआधी हीच तरतूद 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात 9 अ म्हणून होती. वेतन, भत्ते, कामाचे तास, पाळ्या, श्रेणीनुसार वर्गवारी, शिस्तीचे नवे नियम, चालत आलेली सवलत काढणं, यांतलं काहीही बदलायचं तर 21 दिवसांची नोटीस लागते. पदनामं रद्द केली की श्रेणीला हात लागतो. पाळ्या मंडळाने ठरवायच्या म्हटलं की पाळ्यांना लागतो. बदल समझोत्यानुसार होत असेल तर नोटीस लागत नाही, म्हणून आधी समझोता करणं शहाणपणाचं.

समझोता कुठे होतो यालाही महत्त्व आहे. आपसात केलेला समझोता फक्त सह्या करणाऱ्यांना बांधतो. समेट अधिकाऱ्यासमोरच्या (तंटे मिटवण्यासाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्यासमोरच्या) कार्यवाहीत झालेला समझोता सगळ्या कामगारांना, नंतर येणाऱ्यांनासुद्धा बांधतो. युनियन असेल तर तिला वगळून एकेकाच्या सह्या गोळा करू नयेत. त्यातून तंटाच उभा राहतो. मुदतही लिहावी. ती लिहिली नाही तर समझोता सहा महिने चालतो आणि त्यानंतर तो संपवण्याची नोटीस देऊन 60 दिवस उलटेपर्यंत लागू राहतो.

सगळ्यात जास्त घोळ भूमिका भत्त्याचा होतो. जादा भूमिकेसाठी दरमहा रक्कम सुरू केली आणि भूमिका गेल्यावर ती थांबवली, तर कामगाराच्या दृष्टीने ती सरळ पगारकपात असते, आणि त्याचं म्हणणं रास्त आहे. भत्ता द्यायचाच तर पत्रावर सुरुवातीची आणि शेवटची तारीख हवी, पगारचिठ्ठीत वेगळी ओळ हवी. आमचं मत विचाराल तर भत्ता नकोच. कौशल्य वाढलं असेल तर मूळ वेतन वाढवा.

शिस्तीचं कामही मंडळावर सोडू नये. आरोप करणारा, चौकशी करणारा आणि शिक्षा देणारा एकाच मंडळातले सहकारी असले, तर चौकशी नैसर्गिक न्यायाच्या कसोटीवर कोसळते. आरोपपत्र, निलंबन आणि बडतर्फीवर सही कुणाची, हे करारात स्पष्ट लिहावं. भूमिका काढणं ही शिक्षा नाही, हेही लिहावं आणि तसंच वागावं.

काही खुर्च्या कायद्यानेच ठेवलेल्या आहेत. कारखान्याचा भोगवटादार, म्हणजे कायद्याने कारखान्याची अंतिम जबाबदारी ज्याच्यावर असते तो, कंपनीचा संचालकच असतो. अपघात झाला तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला ‘मंडळाने ठरवलं होतं’ हे उत्तर चालत नाही. लैंगिक छळाच्या तक्रारींसाठीच्या अंतर्गत समितीची अध्यक्ष वरिष्ठ पातळीवरची महिला कर्मचारी असावी लागते. वरिष्ठपणाच नसलेल्या रचनेत ती कोण, हे आधी लेखी ठरवावं लागतं. आम्ही त्यासाठी जुन्या श्रेणीचाच आधार घेतला.

‘सगळे स्वतःचे व्यवस्थापक, म्हणून कुणी कामगार नाही’ हा युक्तिवाद कुणी केला तर तो मुळीच मानू नका. न्यायालय माणूस मुख्यतः काय काम करतो ते पाहतं, बिरुद नाही. उलट सुपरवायझरचे अधिकार काढले की तो कामगाराच्या व्याख्येत परत येण्याची शक्यता वाढते, मग त्याचं वेतन 18,000 रुपयांच्या वर असलं तरी. एरवी त्या रकमेहून जास्त वेतन घेणारा सुपरवायझर कामगार धरला जात नाही.

पूरक कराराला शेवटी एक परिशिष्ट जोडावं: नाव, जुनं पदनाम, श्रेणी, मूळ वेतन, रुजू तारीख, आणि समोर कर्मचाऱ्याची सही. पद्धत बंद झाली तर प्रत्येकजण याच ओळीवर परत येईल, दरम्यान मिळालेली वेतनवाढ कायम ठेवून. एक प्रत कर्मचाऱ्याकडे, एक सेवापुस्तिकेत. ही ओळ हातात आल्यावरच बऱ्याच जणांनी बाकीचा करार शांतपणे वाचला.