उणे २०, गोकुळ शिरगाव

थंडीचं सामान कोल्हापुरात तपासायचं कुठं, हा आमच्या धंद्यातला जुना प्रश्न. डिसेंबरच्या पहाटे रंकाळ्यावर एक स्वेटर पुरतो. गिऱ्हाईक मात्र निघालेलं असतं लडाखमधल्या झांस्कर नदीच्या गोठलेल्या पात्रावर, जिथं जानेवारीच्या रात्री पारा उणे २५ पर्यंत उतरतो. आमच्या दुकानातून सामान भाड्याने घेऊन चौघंजण चादर ट्रेकला, म्हणजे याच गोठलेल्या पात्रावरून चालत, जाणार होते. गोकुळ शिरगाव एमआयडीसीत एका ओळखीच्या माणसाचं आइस्क्रीमचं कोल्ड स्टोअर आहे, आतलं तापमान उणे २०. दुपारी माल फारसा हलत नाही, तेवढ्या वेळात त्यांनी खोली वापरायला दिली.

अटी कडक होत्या. एकट्याने आत जायचं नाही. दाराचा आतला खटका आधी दाबून बघायचा. चाळीस मिनिटांच्या वर सलग थांबायचं नाही. आणि आत काडीसुद्धा ओढायची नाही, कारण भिंतींत पफ, म्हणजे पेट घेणारा फोम, भरलेला असतो आणि बंद खोलीत स्टोव्हचा धूर जीवावर बेततो. तंबूतही हाच नियम, फक्त तिथं सांगायला कुणी नसतं.

चौघंही सगळे कपडे अंगावर चढवून बाहेर उन्हात उभे. आत जायच्या आधीच बनियन घामाने भिजलेले, त्यातले दोन सुती. त्यांना सावलीत बसवून कोरडे, सिंथेटिक बनियन घालायला लावले. उणे तापमानात ओलं सूत अंगाला चिकटून राहतं आणि ऊब ओढून घेतं. चालायला सुरुवात करताना थोडं गार वाटलं पाहिजे. उबदार वाटत असेल तर एक थर जास्त झालाय. थांबलं की लगेच जाड जॅकेट वरून चढवायचं, घाम निवायची वाट बघायची नाही.

आत माल लावणारे एक मामा होते. आम्ही झोपायच्या बॅगा जमिनीवर पसरताना बघून म्हणाले, "हितं हुभं ऱ्हायचं, बसायचं न्हाई. गार बुडातनं वर चढतंय." दिवसभरात याच्याइतकं कामाचं दुसरं कुणी बोललं नाही.

एकाने बॅग ऑनलाइन घेतली होती, वर ठळक अक्षरांत उणे २५. आतल्या शिलाईजवळची बारीक पट्टी वाचली तर कम्फर्ट उणे ५, लिमिट उणे ११, एक्स्ट्रीम उणे २८. ठळक आकडा या तिघांपैकी कशाशीच जुळत नव्हता. एक्स्ट्रीमचा अर्थ एवढाच, की सहा तास जीव टिकेल; झोप लागेल असं नव्हे. बघायचा तो कम्फर्ट, म्हणजे ज्या तापमानाला निवांत झोप लागते. वीस मिनिटांतच तो उठला, पण गारठले होते ते कंबर आणि खांदे. खाली योगा मॅट होती. अंगाखाली दबलेली पिसं चपटी होतात, त्यांच्यात हवा उरत नाही, मग कितीही महागडी बॅग असली तरी खालून तिचा उपयोग शून्याच्या जवळ. मॅटची रोधकता आर-व्हॅल्यूत मोजतात आणि एकावर एक घातल्या की आकड्यांची सरळ बेरीज होते. बर्फावर झोपायला पाचाच्या पुढे हवी. २ ची घडीची फोम मॅट खाली, ४ ची हवेची मॅट वर, असा जोड दिला. हवेची एकटी नको. टाचणीएवढं भोक पडलं की रात्र संपली. तोंडानेही फुगवायची नाही, श्वासातली वाफ आत गोठते. सोबत पिशवीचा पंप येतो तो वापरायचा.

बुटांत वेगळीच गंमत. दोन जाड मोजे घालून बूट इतका आवळला होता की बोटं हलत नव्हती. रक्त फिरलं नाही तर लोकर काय करणार? एक पातळ आणि एक जाड लोकरी मोजा, आत बोटं मोकळी हलली पाहिजेत. नाहीतर एक नंबर मोठा बूट. चादरवर बर्फ फुटून पाणी वर आलं की गमबूट लागतात, तेही याच हिशेबाने, आत नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा, तळ घालून. एकाचा स्वस्तातला पीव्हीसी रेनकोट थोड्याच वेळात इतका कडक झाला, की बाही दुमडताच कोपरावर फाटला. सॅकचं एक बक्कल दाबताच तडकलं. ते इथं तडकलं हे बरं.

मग हातमोजे घालून सगळी कामं करायला लावली: नाडी बांधणं, चेन ओढणं, टॉर्चचे सेल बदलणं. चेनच्या प्रत्येक लहान ओढणीला दोरीचा फास बांधून दिला. पाण्याच्या पिशवीची नळी पहिल्या पाळीतच गोठली. ती घरीच ठेवा. रुंद तोंडाची बाटली उलटी ठेवायची, बर्फ आधी वर धरतो आणि तोंड मोकळं राहतं. पॉवर बँक रात्री बॅगेत अंगाजवळ. शून्याखाली असलेला मोबाइल चार्जिंगला लावायचा नाही, आतली लिथियम बॅटरी कायमची खराब होते.

स्टोव्ह बाहेर आणून पेटवला. नळकांड्यासारखा लांब डबा, आत नुसता ब्युटेन. तो उणे अर्ध्या अंशाच्या खाली वाफच धरत नाही; ज्योत आलीच नाही. साडेतीन हजार मीटरवर हवेचा दाब कमी, तिथं तो आणखी दहा-अकरा अंश खाली तग धरतो, पण उणे २० ला तिथंही थंडच. प्रोपेन मिसळलेला डबा पेटला. मात्र त्यातला प्रोपेन आधी उडतो, म्हणून अर्ध्यानंतर जोर जातो. शिवाय गॅसचा डबा विमानात चालतच नाही, भरलेला असो वा अर्धा. जे घ्यायचं ते लेहमध्ये. केरोसीनचा पंपाचा स्टोव्ह जास्त भरवशाचा, फक्त पंपाच्या चामड्याच्या वॉशरला शिलाई मशीनचं तेल द्यायचं. खोबरेल लावलेला वॉशर आमच्यासमोर दगड झाला. ते आपल्याकडच्या थंडीतच थिजतं, तिथं काय सांगायचं.

खाण्याची परीक्षाही झाली. गूळ आणि चॉकलेट दाताने फुटेना, खर्ड्याचा गोळा विटेसारखा. शेंगदाण्याची चिक्की चालली, भडंग तर जशीच्या तशी. चॉकलेटचे तुकडे इथंच करून न्यायचे.

बोट पांढरं, मेणासारखं पडलं आणि बधिर झालं तर चोळायचं नाही, शेकोटीला धरायचं नाही. ३७ ते ३९ अंशांच्या पाण्यात धरायचं, तेही पुन्हा गोठणार नाही अशी खात्री असेल तरच. लेहला वैद्यकीय तपासणी आणि परवानगीशिवाय सोडत नाहीत. दोन-तीन दिवस विरळ हवेची सवय करण्यात जातातच, ते हिशेबात धरूनच तिकीट काढा.

बाहेर पडताना चष्मे आंधळे झाले. कॅमेरा आतच झिपच्या पिशवीत बंद केला होता, तो वाचला. झोपायच्या बॅगाही प्लास्टिकच्या पोत्यात गच्च बांधून काढल्या, नाहीतर दमट हवा पिसांत शिरून पाणी धरते. दोन दिवस दुकानात दांडीवर टांगून मगच कापडी पिशवीत भरल्या.