ग्रामफू ते बातल: 18,000 रुपयांचे स्नॉर्कल आणि एक नाला

ज्या नाल्यांच्या धास्तीने मी पुण्यात 18,000 रुपये मोजून माझ्या महिंद्रा थारला स्नॉर्कल (इंजिनाला छपराच्या उंचीवरून हवा पुरवणारी नळी) बसवून घेतले, त्यांतल्याच एका नाल्यात गेल्या जुलैत आमची गाडी सव्वा तास अडकून पडली आणि त्या सव्वा तासात स्नॉर्कलचा काडीचाही उपयोग झाला नाही. हिमाचलमधल्या स्पितीला निघण्याच्या तयारीत असलेल्या आणि हाच खर्च करावा की नाही अशा विचारात पडलेल्यांसाठी हे लिहीत आहे. फोर-लो (चारही चाकांना कमी वेगात जास्त जोर देणारा गिअर) केव्हा टाकायचे हे तुम्हाला कळते, गाडी ओढण्याचा पट्टा, शॅकल (पट्टा गाडीला अडकवण्याची लोखंडी कडी) आणि हवा भरण्याचा पंप सोबत आहे आणि उंचीवर तुमचे शरीर साथ देते, एवढे गृहीत धरतो.

मनालीपर्यंतच्या प्रवासाबद्दल सांगण्यासारखे काही नाही. अटल बोगद्याने पलीकडे उतरून कोकसरमार्गे ग्रामफूला पोहोचले की स्पितीतल्या काझाकडे जाणारा रस्ता फुटतो आणि तिथून बातलपर्यंतचे सुमारे 50 किलोमीटर हाच या वाटेवरचा खरा कस आहे. चंद्रा नदीच्या काठाकाठाने जाणारा हा रस्ता बराचसा गोट्यांचा आणि धोंड्यांचा असून वरच्या हिमनद्यांचे पाणी ठिकठिकाणी त्याच्यावरूनच नदीत उतरते. ग्रामफू सोडल्यावर काझापर्यंत पेट्रोल पंप नाही, हेही इथेच नोंदवून ठेवतो.

पंक्चरच्या कामात अडकल्यामुळे आम्ही मनालीहून साडेदहाला निघालो आणि पुढच्या सगळ्या मनस्तापाचे मूळ त्या उशिरा निघण्यातच होते. छतरूला चहा घेऊन पुढे गेलो, तेव्हा चार वाजत आले होते. छोटा दडाच्या अलीकडे रस्ता नाहीसा झाला होता आणि त्याच्या जागी वीस-बावीस पावले रुंदीचा, राखाडी रंगाचा, तळ अजिबात न दाखवणारा प्रवाह वाहत होता. माझे मेहुणे ट्रेकिंगची काठी घेऊन पाण्यात उतरले आणि सर्वांत खोल जागी त्यांनी काठीवर धरलेली खूण नंतर मोजली, तर ती 50 सेंटिमीटर भरली. थारसाठी कंपनीनेच 650 मिलिमीटर पाण्यातून जाण्याची क्षमता सांगितलेली आहे. म्हणजे ज्या पाण्यात आम्ही फसलो, ते पाणी स्नॉर्कल नसलेल्या मूळ गाडीच्याही आवाक्यातलेच होते.

फसलो ते खोलीमुळे नव्हे. डावे पुढचे चाक दोन धोंड्यांमधल्या खळग्यात उतरले, मागचे डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांना जोर वाटून देणारा, ॲक्सलच्या मधला गिअरचा गोळा) तिसऱ्या धोंड्यावर टेकले आणि प्रवाहाच्या रेट्याने गाडी एक वीत उताराकडे सरकली. इंजिन ठणठणीत चालू होते, पण चाके नुसती गोटे उडवत होती. पाण्यात गाडी अडते ती बहुधा अशीच, चाकाखालच्या जमिनीमुळे आणि बाजूने येणाऱ्या ओढीमुळे, आणि छपराच्या उंचीवर हवा ओढणाऱ्या नळीचा या दोन्हींशी काहीही संबंध नसतो.

मागून आलेल्या एका पिकअपवाल्याने बाहेर काढण्याचे 8,000 रुपये मागितले आणि 6,000 वर तो अडून बसला. पट्टा आमचा, शॅकल आमचे, गुडघाभर बर्फाळ पाण्यात वाकून ते अडकवणारे मेहुणेही आमचेच, आणि त्याचे काम पाच मिनिटांचेही नव्हते. अंधार पडण्याच्या भीतीने मी पैसे दिले, पण ही लूट होती असेच मी आजही म्हणेन. पुढे जाणाऱ्यांना माझे सांगणे आहे की, हा टप्पा एकट्या गाडीने करूच नका. छतरूच्या ढाब्यावर अर्धा तास थांबलात, तर त्याच दिशेने निघालेली दुसरी गाडी भेटतेच, आणि दोन गाड्यांनी एकमेकींना ओढण्याचा शब्द तिथेच देऊन ठेवावा.

खरे नुकसान काझाला पोहोचल्यावर कळले. कुंझुम खिंड उतरल्यापासून मागच्या ॲक्सलमधून बारीक घरघर येत होती, म्हणून गॅरेजमध्ये डिफरन्शियलचे तेल काढायला लावले, तर ते दुधाच्या चहासारखे फिकट आणि फेसाळ झालेले निघाले. कारण अगदी साधे आहे. तासन्‌तास चढण चढून तापलेले डिफरन्शियल एकदम बर्फाळ पाण्यात बुडाले की आतली हवा आकसते आणि बाहेरचे काहीतरी आत ओढू पाहते. त्यासाठी असलेल्या ब्रीदरचे (हवा आत-बाहेर जाऊ देणाऱ्या छोट्या नळीचे) तोंड पाण्याखाली असेल किंवा ते चिखलाने बुजलेले असेल, तर तिथून किंवा सीलमधून पाणीच आत जाते. आमचे ॲक्सल सव्वा तास पाण्यात होते. ब्रीदरची नळी वाढवून इंजिनाच्या खणात उंचावर नेऊन बांधणे हे काही शे रुपयांच्या रबरी नळीचे आणि दोन तासांच्या मजुरीचे काम आहे. स्नॉर्कल विकणाऱ्याने याचा उल्लेखही केला नव्हता आणि याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. डिफरन्शियल, गिअरबॉक्स आणि ट्रान्स्फर केस (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणारी पेटी) या तिन्हींचे ब्रीदर उंच करून घेतल्याशिवाय स्नॉर्कलचा विचारही करू नये.

त्याच गॅरेजमधल्या वयस्कर मिस्त्रींनी मला एक परीक्षा दाखवली, ती प्रत्येकाने पैसे देण्यापूर्वी विक्रेत्याच्या दारातच घ्यावी. गाडी चालू ठेवून त्यांनी स्नॉर्कलच्या तोंडावर एक सपाट रबरी तुकडा घट्ट दाबून धरला. सर्व सांधे हवाबंद असतील, तर इंजिन गुदमरून काही क्षणांत बंद पडायला हवे. माझ्या गाडीचे इंजिन मात्र निवांत चालत राहिले. बॉनेट उघडून पाहिले, तेव्हा मडगार्डमधून आलेली नळी फिल्टरच्या डब्याला नुसती टेकवून वरून टेप गुंडाळलेला होता आणि डब्याच्या तळाचे, पाणी निथळण्यासाठी ठेवलेले भोकही तसेच उघडे होते. पाणी खरोखरच बॉनेटपर्यंत चढले असते, तर इंजिनाने ते या फटींमधूनच ओढून घेतले असते. मडगार्डला भोक पाडून, पुढच्या काचेशेजारच्या खांबावर स्क्रू मारून, कापलेल्या पत्र्याच्या कडेला गंजरोधक रंगाचा हातही न फिरवता मला जे विकले गेले, ते केवळ सजावटीचे सामान होते. उलट त्याच्या भरवशावर मी पाण्यात उतरण्याचे धाडस केले, आणि ही बाब मला त्या 18,000 रुपयांपेक्षा अधिक गंभीर वाटते.

इंजिनात पाणी जाण्याची भीती खोटी आहे, असे मी म्हणत नाही. माझ्या 2184 सीसीच्या चार सिलिंडरच्या डिझेल इंजिनात एका सिलिंडरच्या वाट्याला 546 सीसी येतात. कॉम्प्रेशन रेशो (पिस्टन खाली असतानाची जागा तो वर आल्यावर उरणाऱ्या जागेच्या किती पट, ते प्रमाण) 16 च्या आसपास धरला, तर पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा जेमतेम 36 मिलिलिटरची असते. पाणी दाबले जात नाही, त्यामुळे दोन-तीन मोठे चमचे पाणीदेखील पिस्टनला जोडलेला दांडा, म्हणजे कनेक्टिंग रॉड, वाकवायला पुरेसे ठरते. पाण्यात इंजिन बंद पडले, तर पुन्हा सेल्फ मारू नये, हा नियम याचसाठी आहे. तसेच नेहमीच्या विम्यात हे नुकसान सहसा भरून मिळत नाही, इंजिन संरक्षणाची जोड वेगळी घ्यावी लागते, आणि गाडीत केलेला बदल विमा कंपनीला आधी लेखी कळवलेला बरा.

परंतु पाणी त्या उंचीपर्यंत पोहोचण्याआधीच दुसरा धोका उभा राहतो. पाणी गाडीच्या तळाच्या पत्र्याला लागले की त्यापुढच्या प्रत्येक 10 सेंटिमीटरला, ढोबळ हिशेबाने, चारशे ते पाचशे किलो वजन पाणी उचलून धरते. आत पाणी शिरायच्या आधीच पावणेदोन टनांच्या गाडीच्या चाकांची पकड सुटायला अशा दोन-तीन वीत पाण्याचीही गरज नसते. वाहत्या पाण्यात बॉनेटपर्यंत बुडालेली गाडी रस्त्यावर उभी राहणार नाही, मग तिचे इंजिन कितीही छान श्वास घेत असो. कोकणात फरशी पुलावरून पाणी जात असताना स्नॉर्कलच्या जोरावर गाडी घालणाऱ्यांनी हा हिशेब आवर्जून करावा.

स्नॉर्कलच्या पुढे तोंड केलेल्या टोपीमुळे हवा दाबाने आत शिरते आणि ताकद वाढते, असेही मला सांगण्यात आले होते. ताशी 100 किलोमीटर वेगालाही हा वाढीव दाब वातावरणाच्या दाबाच्या अर्धा टक्काही भरत नाही. कुंझुमला, सुमारे 4,550 मीटर उंचीवर, हवेचा दाबच समुद्रसपाटीच्या तुलनेत सुमारे 57 टक्के उरतो आणि आमची गाडी तिथे ताशी 15 किलोमीटरने चालली होती.

एक उपयोग मात्र मी मान्य करतो, आणि तो धुळीचा आहे. लोसरच्या पुढे आम्ही दोन ट्रकांच्या मागे बराच वेळ होतो आणि चाकांच्या पातळीवर उडणारी धूळ छपराच्या उंचीवर स्पष्टपणे विरळ दिसत होती. सांधे नीट बसवलेले स्नॉर्कल अशा ठिकाणी फिल्टरचे आयुष्य वाढवते, त्यामुळे वर्षातले कित्येक दिवस ताफ्याने कच्च्या रस्त्यांवर फिरणाऱ्यांनी ते जरूर घ्यावे. फोर्स गुरखासारख्या गाडीला ते कारखान्यातूनच लावून येते आणि तिथे हा प्रश्नच उरत नाही. वर्षातून एकदा स्पितीला किंवा लडाखला जाणाऱ्याने मात्र ते बसवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तेवढ्याच पैशांत ब्रीदर, चांगले टायर आणि लवचीक दोर घ्यावा, आणि फिल्टर सोबत एक जास्तीचा ठेवावा.

काझातले चार दिवस निर्वेध गेले. परतीला आम्ही चंद्रताल तलावाचा बेत सोडून दिला, बातलला मुक्काम केला आणि पहाटे साडेपाचला गाडी काढली. रात्रीच्या थंडीने वरचे बर्फ वितळायचे थांबते आणि दुपारी चार वाजता दांडगाई करणारे नाले सकाळी मवाळ झालेले असतात, हे ऐकून माहीत होते, पण इतका फरक पडत असेल यावर माझा विश्वास नव्हता. त्याच नाल्यावर साडेसहाला पोहोचलो, तेव्हा पाणी घोट्याच्या थोडे वर होते, इतके नितळ की आम्हाला अडवणारे तिन्ही धोंडे वरून ओळखता आले. मेहुण्यांनी उतरून त्यांतला सर्वांत लहान धोंडा पहारीने बाजूला लोटला. मी फोर-लो टाकून, चालत्या माणसाच्या वेगाने, धोंड्यांच्या वरच्या अंगाने गाडी पलीकडे नेली, आणि त्याला एक मिनिटही लागले नाही.