बार्टची पत्रिका

बार्ट सिम्पसनची पत्रिका मांडायला बसलं तर भल्याभल्या ज्योतिषांची पंचाईत होईल. मुलगा दहा वर्षांचा. १७ डिसेंबर १९८९ ला अमेरिकेत 'फॉक्स' वाहिनीवर 'द सिम्पसन्स' या कार्टून मालिकेचा पहिला अर्ध्या तासाचा भाग लागला, त्या दिवशीही दहाच वर्षांचा. त्याला पहिल्यापासून आवाज देणाऱ्या नॅन्सी कार्टराइट आता आजीच्या वयाच्या आहेत, पण बार्ट काही चौथीतून पाचवीत गेलेला नाही. बहीण लिसा आठाची. तान्ह्या बहिणीच्या, मॅगीच्या तोंडातली चोखणी अजून सुटलेली नाही. मी स्टार वर्ल्डवर ही मालिका पाहायला लागले तेव्हा कॉलेजात होते आणि बार्टची आई मार्ज म्हणजे कुणाची तरी आई वाटायची. आता ती मला धाकट्या जावेसारखी वाटते. स्वयंपाकघरात बाजूला घेऊन सांगावंसं वाटतं की बाई गं, हा नवरा, हा होमर, असाच राहणार आहे.

सुरुवातीला मात्र सालांचा हिशोब चोख होता. १९९२ च्या एका भागात आईबाबा मुलांना लिसाच्या जन्माची गोष्ट सांगतात. साल १९८४, लॉस एंजेलिसचं ऑलिम्पिक तोंडावर आलेलं. मालिकेतल्या क्रस्टी विदूषकाच्या 'क्रस्टी बर्गर' दुकानांची योजना अशी, की कार्ड खरवडायचं आणि त्यावरच्या खेळात अमेरिकेनं सुवर्ण जिंकलं की बर्गर फुकट. कार्डांवर खेळ छापलेत ते मात्र निवडून, कम्युनिस्ट देश ज्यात कधी हरत नाहीत असेच. तेवढ्यात सोव्हिएत गट बहिष्कार टाकतो, अमेरिका धडाधड पदकं घेते आणि क्रस्टीचे ४ कोटी ४० लाख डॉलर बुडतात. तो बहिष्कार खरा होता. आणि १९९२ मधून आठ वजा केले की १९८४ येतात. एकदम बरोबर.

पुढे मुलं तेवढीच राहिली आणि कॅलेंडर पळत सुटलं. मुलांना मोठं करायचं नाही म्हटल्यावर लेखकांपुढे एकच वाट उरली, आईबापांचा भूतकाळ पुढे ओढायचा. १९९१ च्या भागात होमर आणि मार्ज १९७४ साली शाळेच्या शेवटच्या वर्षाला भेटले होते. २००८ मध्ये एक भाग आला, त्यात हेच दोघं नव्वदीच्या दशकात बिनमुलांचे, ऐन तारुण्यात, आणि होमर लांब केस वाढवून ग्रंज संगीताचा बँड चालवतोय. जुने प्रेक्षक भडकले, आणि त्यांचंही बरोबरच होतं. नव्वदीच्या दशकात होमरला तीन मुलं होती, आम्ही डोळ्यांनी पाहिली होती. त्यावर कडी म्हणजे २०२१ च्या एका भागात त्याच नव्वदीत होमर मिसरूड न फुटलेला पोरगा आहे. आपण पुढे जातोय आणि हा माणूस मागच्या मागे लहान होत चाललाय.

लग्नं सरकवता येतात, युद्धं सरकवता येत नाहीत. आजोबा एब दुसऱ्या महायुद्धात लढलेले. आज त्यांनी शंभरी गाठलेली असायला हवी आणि तरी मुलगा जेमतेम चाळिशीचा. मुख्याध्यापक स्किनर व्हिएतनाम युद्धातून परतलेले, म्हणजे आता पंच्याहत्तरीच्या आसपास. निवृत्ती नाही, वर त्यांची आई अजून ठणठणीत आणि चारचौघांत लेकाला फैलावर घेणारी. हे कोडं कुणी सोडवायला जात नाही. बघणाऱ्यांनीही तो नाद सोडलाय.

मला त्याहून गंमत वाटते ती घराची. एव्हरग्रीन टेरेसवरचं ७४२ नंबरचं ते दुमजली घर, गॅरेज, दोन गाड्या, मागे अंगण. घरात पाच माणसं, कुत्रा, मांजर, आणि कमावणारा एकटा होमर. तोही कॉलेज न शिकता अणुवीज केंद्रात सुरक्षा निरीक्षक झालेला आणि कामावर झोपणारा. १९९६ च्या एका भागात त्याची पगाराची चिठ्ठी दिसते, आठवड्याला ४७९ डॉलर ६० सेंट. वर्षाचे साधारण पंचवीस हजार. त्या काळी हे कुटुंब तंगीतलं म्हणूनच रंगवलं होतं. पहिल्याच भागात नाताळचा बोनस मिळत नाही म्हणून होमर मॉलमध्ये सांताक्लॉज होऊन बसतो, आणि तरी हातात दिडकी उरत नाही.

माझा भाचा टेक्सासमध्ये असतो. नवराबायको दोघं कमावतात, दोघंही चांगल्या नोकरीत, आणि अजून भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये. तो जुने भाग बघून मला फोनवर म्हणतो, "मावशी, एका पगारात? कसं काय?" मी त्याला सांगितलं, घर होमरच्या बापानं दिलं. तसं ते भागात आहेच, एब आजोबा स्वतःचं घर विकून पंधरा हजार डॉलर देतात. त्या बदल्यात तीन आठवड्यांत त्यांची रवानगी वृद्धाश्रमात झाली. भाचा म्हणाला, "पंधरा हजारात इथे गाडी येत नाही धड."

होमरचा सहकारी फ्रँक ग्राइम्स, त्याचा भाग १९९७ चा. हा गडी आयुष्यभर राब राब राबलेला, खोली एकच, तीही वर एक बोलिंग ॲली आणि खाली एक बोलिंग ॲली अशा बेचक्यात. होमरचं घर पाहतो आणि त्याचे डोळेच फिरतात. हा आळशी माणूस, आणि राजवाड्यात राहतो? शेवटी संतापाच्या भरात होमरची नक्कल करता करता विजेच्या तारांना हात लावून मरतो. अंत्यविधीत होमर झोपेत बरळतो की मार्ज, चॅनेल बदल. तेव्हा आम्ही मैत्रिणी हसून लोळलो होतो, कारण ग्राइम्स म्हणजे कुणाचं चांगलं न बघवणारा तिरसट माणूस अशी आमची समजूत. भाच्याच्या पिढीला तो भाग भयपट वाटतो. त्यातला एक शब्द कुणी बदललेला नाही. २०२२ मध्ये मालिकेनं स्वतःच यावर एक अख्खा भाग केला. बापासारखी नोकरी करून बापासारखं जगू म्हणणाऱ्या बार्टला तिथे गाऊन सांगितलं जातं की बाळा, तसला मध्यमवर्ग आता उरलेला नाही. गाणारा शाळेतला सफाई कामगार, आवाज ह्यू जॅकमनचा.

हेच आब्रूच्या बाबतीत. जानेवारी १९९२ मध्ये राष्ट्राध्यक्ष थोरले बुश भाषणात म्हणाले होते, अमेरिकन कुटुंबं वॉल्टन मंडळींसारखी जास्त आणि सिम्पसनांसारखी कमी व्हायला हवीत. वॉल्टन म्हणजे महामंदीच्या काळातलं टीव्हीवरचं सोज्वळ खेडवळ कुटुंब. काही दिवसांतच एका जुन्या भागाच्या आधी नवा तुकडा चिकटवून बार्टनं उत्तर दिलं, आम्हीही वॉल्टनांसारखेच आहोत, आम्हीही मंदी संपायची प्रार्थना करतोय. आज तेच सिम्पसन पाहा. नवराबायकोचा संसार टिकलाय, दर रविवारी सहकुटुंब चर्च, रात्री पाचही जण एका टेबलावर, आणि कुणाच्याही ताटाशेजारी मोबाइल नाही. बुश साहेबांना आणखी काय हवं होतं? होमर बार्टचा गळा धरायचा तेवढं खटकायचं, तर २०२३ मध्ये तोच म्हणाला की मी हल्ली तसं करत नाही, काळ बदललाय.

अपूच्या बाबतीत मात्र नुसतं एवढं म्हणून भागलं नाही. क्विक-ई-मार्टवाला अपू नहासपीमापेटिलॉन (असलं आडनाव भारतात कुठल्याही मतदारयादीत सापडायचं नाही) संगणकशास्त्रात पीएच.डी. करून दुकान चालवणारा. पुण्यात बसून आम्हाला तो आवडायचा. आपलं कुणीतरी टीव्हीवर आहे, तेवढ्यावर खूश. पगाराची चिठ्ठी दिसते त्याच १९९६ च्या भागात अपू नागरिकत्वाची परीक्षा देतो. यादवी युद्ध का झालं या प्रश्नावर तो आर्थिक, सामाजिक अशी खोलात शिरून कारणं सांगायला लागतो तेव्हा परीक्षक कंटाळून म्हणतो, नुसतं गुलामगिरी म्हण. स्थलांतरितांवर इतकं शहाणं मी कार्टूनमध्ये दुसरं पाहिलं नाही. पण तिकडच्या शाळेत एकटाच सावळा असलेल्या पोराला मधल्या सुट्टीत अपूचं पालुपद "थँक यू, कम अगेन" ऐकून घ्यावं लागायचं. त्याला त्या परीक्षकाचं काय? आवाज गोऱ्या हँक अझारियांचा, हेल ओढूनताणून आणलेला. हरी कोंडाबोलू या विनोदवीरानं २०१७ मध्ये माहितीपट करून हे सगळं मांडलं.

एप्रिल २०१८ मध्ये मालिकेनं उत्तर दिलं, तेही लिसाच्या तोंडून. जे पूर्वी वाखाणलं गेलं ते आता चुकीचं ठरतंय, करणार काय, असं काहीसं, अपूच्या फोटोकडे बघत. मला विचाराल तर सगळ्या मालिकेतली सर्वांत मोठी विसंगती ती. होमर १९७४ ला प्रेमात पडला की १९९४ ला, याचं मला सोयरसुतक नाही. पण प्रत्येक मोर्चात पुढे असणारी लिसा "करणार काय" म्हणते? हे वाक्य होमरला द्यायचं होतं, एकवेळ पचलं असतं. २०२० च्या सुरुवातीला अझारियांनी तो आवाज देणं थांबवलं, आणि त्याच वर्षी ठरलं की गोऱ्या कलाकारांनी इतर वर्णांच्या पात्रांना आवाज द्यायचा नाही. अपू तेव्हापासून गर्दीत दिसतो, बोलत नाही. दुकान विकलं नाही, गाव सोडलं नाही, नुसता गप्प.

वय वाढत नाही म्हणून मरण चुकतं असंही नाही. बार्टच्या वर्गशिक्षिका एडना क्रबापल यांना आवाज देणाऱ्या मार्शा वॉलेस २०१३ मध्ये गेल्या. दुसरा आवाज न शोधता मालिकेनं बाईंनाही निरोप दिला. या सगळ्यात मला वाईट वाटतं ते शेजारच्या नेड फ्लँडर्सचं. पहिली बायको मॉड २००० मध्ये गेली, नंतर एडनाशी लग्न केलं, तीही गेली. सिम्पसनांच्या स्प्रिंगफील्ड गावात काळ लागू होतो तो फक्त या देवभोळ्या माणसाला.

लिसानं मात्र एक गोष्ट धरून ठेवलीय. ऑक्टोबर १९९५ च्या भागात ती मांसाहार सोडते. त्या भागात 'बीटल्स'वाले पॉल मॅकार्टनी आणि त्यांच्या पत्नी लिंडा आपापल्या आवाजात आहेत. पॉलनी यायला होकार देताना अटच घातली होती, की पुढच्या आठवड्यात पोरगी परत हॅम्बर्गर खाताना दिसता कामा नये. ती अट मालिकेनं पाळली. तेव्हा मालिकेच्या हिशोबानं आठ वर्षांच्या या मुलीनं गेली तीस वर्षं मांसाला तोंड लावलेलं नाही.