पूलमधली सातवी डिस्क

आदल्या संध्याकाळपर्यंत ९० टक्के भरलेला आमच्या नॅसवरचा (नेटवर्कवरून वापरायच्या साठवण-यंत्रावरचा) पूल, म्हणजे अनेक डिस्क मिळून बनलेला साठा, सकाळी ७२ टक्क्यांवर आलेला दिसला, तेव्हा आनंद होण्याऐवजी माझ्या मनात धास्तीच भरली, कारण कोणीही काही पुसल्याची नोंद नव्हती.

पूल झेडएफएस या फाइल-प्रणालीचा होता. ४ टेराबाइटच्या ६ डिस्क रेड-झेड २ या रचनेत एकत्र बांधल्या होत्या. त्यांपैकी २ डिस्कांइतकी जागा पॅरिटीसाठी, म्हणजे गेलेला डेटा पुन्हा उभा करता येईल अशा जादा माहितीसाठी, जाऊन सुमारे १६ टेराबाइट वापरायला उरत असे आणि कोणत्याही २ डिस्क एकदम गेल्या तरी डेटा शाबूत राहत असे. मी पूलची स्थिती मागवली. रेड-झेडच्या ओळीखाली सहा डिस्कांची नावे नेहमीसारखी थोडी आत सरकलेली होती. सातवे नाव मात्र आत न सरकता रेड-झेडच्याच रेषेत उभे होते.

त्या दोन अक्षरांच्या रिकाम्या जागेत सगळा अनर्थ सामावला होता. सातवी डिस्क गटात न जाता स्वतंत्र गट म्हणून जोडली गेली होती. पूल आपला डेटा सर्व गटांवर पसरवतो आणि एक गट गेला की अख्खा पूल जातो. म्हणजे सहा डिस्कांचे दुहेरी संरक्षण आता त्या एकट्या डिस्कच्या तब्येतीवर अवलंबून होते. त्यातच मोकळ्या गटाकडे नवे लेखन अधिक वळत असल्याने रात्रभराचे काम बहुतांशी तिच्यावरच गेले होते.

“सर, जागा संपत आली होती, म्हणून कपाटातली डिस्क लावली. आज्ञा आधी नाकारली गेली, मग सक्तीचा पर्याय दिला,” रात्रपाळीच्या सहकाऱ्याने सांगितले. त्याचा हेतू चांगलाच होता. एका अक्षराच्या पर्यायाने इतका मोठा बदल व्हावा, हे मला आजही खटकते.

डिस्कचा स्मार्ट अहवाल, म्हणजे तिने स्वतःच ठेवलेली तब्येतीची नोंद, काढला, तर प्रलंबित (नीट वाचता न येणारे) सेक्टर ८. ती काढून घेणेही शक्य नव्हते, कारण रेड-झेड असलेल्या पूलमधून असा गट काढता येत नाही. आधी चेकपॉइंट, म्हणजे पूलच्या त्या क्षणीच्या स्थितीची नोंद, घेतलेला असता तर मागे फिरता आले असते. उरला एकच मार्ग: तिला दुसरी डिस्क आरशासारखी, म्हणजे तिची हुबेहूब प्रत ठेवणारी, जोडणे. ‘ॲड’ (नवा गट जोडणे) आणि ‘अटॅच’ (असलेल्या डिस्कला आरसा जोडणे) यांतला फरक त्या दिवशी जीवघेणा होता, म्हणून आम्ही दोघांनी आज्ञा दोनदा मोठ्याने वाचली आणि मगच एंटर दाबले. झेडएफएस फक्त वापरलेला भागच नव्या डिस्कवर उतरवते, त्यामुळे पाऊण तासात काम झाले आणि एकही वाचनचूक आली नाही.

रेड-झेड गटातच एकेक डिस्क वाढवण्याची सोय ओपन-झेडएफएसच्या २.३ या आवृत्तीत, २०२५च्या जानेवारीत आली; आमची आवृत्ती त्याआधीची होती. म्हणून त्याच आठवड्यात सगळा डेटा दुसऱ्या नॅसवर पाठवला, पडताळला, पूल मोडला आणि ८ निरोगी डिस्कांचा नव्याने बांधला. त्या वेळी आठही नावे रेड-झेडच्या ओळीखाली आत सरकलेली आहेत, हे सहकाऱ्याने पडद्यावर बोट ठेवून एकेक मोजले.